तेरचा घाट आणि संगणकाचा साचा

नवे साधन आले की जुनी कला बुडाली, असा विलाप करण्याची आपली सवय जुनीच आहे. डिजिटल तंत्राविषयीही आज तोच सूर ऐकू येतो. धाराशिव जिल्ह्यातील तेरचा इतिहास मात्र या प्रश्नाकडे अधिक विवेकाने पाहावयास शिकवितो.

तेरणेच्या काठचे हे गाव म्हणजेच प्राचीन ‘तगर’, असे फ्लीट यांनी १९०१ मध्ये प्रतिपादन केले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगर हे पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठे नगर म्हटले असून, तेथील नाना प्रकारचे कापड गाड्यांतून भडोच बंदरास जात असे. मालाबरोबर घाटही प्रवास करीत. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे सापडलेली हस्तिदंती मूर्ती यांतील साम्य अभ्यासकांनी नोंदविले आहे, ते याच व्यवहाराचे द्योतक होय.

प्रतिकृती हा काही संगणकाचा शोध नव्हे. तेरला सापडलेल्या मातीच्या पोकळ मूर्ती दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत. पुढचा व मागचा भाग वेगवेगळ्या साच्यांत दाबून ते सांधावयाचे, अशी ही रीत. एका साच्यातून अनेक मूर्ती निघत. तथापि साचा हाताळणाऱ्याला माती कळत होती. तिला पाणी किती लागते, सुकताना ती किती आकसते, आव्यात केव्हा तडकते, हे तो जाणत होता.

आज एखाद्या वस्तूची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतली की संगणक तिचा त्रिमितीय आराखडा सिद्ध करतो आणि दूरदेशीचे यंत्र तोच घाट प्लॅस्टिकमध्ये उभा करते. कृत्रिम बुद्धिमत्ता तर असंख्य चित्रांवरून नवीच ‘प्राचीन’ मूर्ती रचून दाखविते. यातील लाभ उघड आहे. नाजूक हस्तिदंताला हात न लावता लातूरचा वा लंडनचा विद्यार्थी तो न्याहाळू शकतो. भय आहे ते निराळे. घाट तेवढा उरतो. त्याचे गाव, माप, माती आणि कारागीर गळून पडतात. पडद्यावर वीतभर बाहुली आणि पुरुषभर पुतळा सारखेच दिसतात.

येथे तेरच्याच गोरोबाकाकांचे स्मरण होते. संतमेळ्यात त्यांनी थापटण्याने प्रत्येकाचे मस्तक ठोकून कच्चे मडके कोणते हे पारखले, अशी कथा आहे. मडके भाजले की नाही हे त्याच्या आवाजावरून कळते, चित्रावरून नव्हे. ही पारख हातातून हातात आणि कानातून कानात जाते. ती खंडित झाली तर कोणताही आराखडा ती परत आणू शकणार नाही.

म्हणून पुराणवस्तूंच्या प्रत्येक डिजिटल नोंदीत सापडल्याचे ठिकाण, माप, द्रव्य आणि घडविण्याची रीत ही मराठीतून असलीच पाहिजेत. वस्तूंबरोबरच आजच्या कुंभारांचे ज्ञानही त्यांच्या नावानिशी नोंदविले जावे, आणि त्यावरून कोणी धन मिळविले तर त्यांचाही वाटा त्यात असावा. शिक्षकांनी मुलांना चित्र अवश्य दाखवावे. पण त्यानंतर त्यांना संग्रहालयात आणि चाकापाशीही न्यावे. तगरच्या कारागिरांनी परका घाट नाकारला नाही. तो त्यांनी आपल्या मातीत उतरविला. संगणकाशी आपला व्यवहारही तसाच असावा.