चार मार्ग पाठ, पुढचं काय?

१ डिसेंबरचा जागतिक एड्स दिन आला की परभणीतल्या महाविद्यालयांत रांगोळ्या, पोस्टर, प्रभातफेरी ठरलेली. ‘रेड रिबन क्लब’च्या प्रश्नमंजूषेत असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त, दूषित सुई, आईकडून बाळाला हे एचआयव्ही पसरण्याचे चार मार्ग मुलं धडाधड सांगतात. उत्तर बरोबर असतं. घोळ होतो त्यातून काढलेल्या अर्थात.

‘दूषित रक्त’ एवढंच लक्षात राहिलं की रक्तदानाचीही भीती वाटते. ती निराधार आहे, कारण प्रत्येक दात्यासाठी नवी निर्जंतुक सुई वापरतात. दुसरा गैरसमज मात्र घातक: एनएसएसच्या शिबिरात रक्त दिलं की आपली एचआयव्ही चाचणी गुपचूप, फुकटात होते! दान केलेल्या रक्ताची ही चाचणी १९८९पासून सक्तीची आहे, हे खरं. पण लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे ती चाचणीत दिसेलच असं नाही. तेवढ्यात ते रक्त ‘निगेटिव्ह’ ठरून एखाद्या बाळंतिणीला चढू शकतं. मनात शंका असेल त्याने शिबिरात रक्त देऊच नये. सरळ जिल्हा रुग्णालयातलं एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र (आयसीटीसी) गाठावं. तिथे समुपदेशन आणि चाचणी मोफत होते, निकाल गोपनीय राहतो.

‘बातमी कळली तर कॉलेजातून काढतील’ ही धास्तीही ऐकू येते. एचआयव्हीच्या कारणावरून शिक्षणात भेदभाव करायला २०१७च्या कायद्याने मनाई आहे. तो १० सप्टेंबर २०१८पासून लागू झाला. प्रभातफेरीच्या फलकांवर हा कायदा कुठे दिसत नाही, हे मला खटकतं.

‘एचआयव्ही म्हणजे मरण’ ही नव्वदीतल्या कवटीछाप पोस्टरांची देणगी. २००४पासून सरकारी केंद्रांत एचआयव्हीवरची एआरटी औषधं मोफत मिळतात. आता बहुतेकांना रोज एकच गोळी पुरते. ती नेमाने घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. वर्गमित्राच्या डब्यातून, वसतिगृहाच्या संडासातून किंवा डासांमुळे तर कधीच होत नाही. ‘दिसायला ठणठणीत’ हा मात्र कसलाच पुरावा नव्हे. लागण झालेला माणूस वर्षानुवर्षं धडधाकट दिसू शकतो.

कंडोम फाटला, तर दैवावर हवाला ठेवू नका. ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर डॉक्टरांकडे जा. प्रतिबंधक औषधं २८ दिवस घ्यावी लागतात. विचारायचा संकोच वाटत असेल, तर १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही विचारता येतं.