रजा हक्क नाही, हे अर्धेच खरे

विद्यापीठाच्या आस्थापना विभागात एक वाक्य हमखास ऐकू येते: "रजा हा काही तुमचा हक्क नाही." अर्ज अडवायचा असला की ते जरा मोठ्या आवाजात म्हटले जाते. वाक्य खोटे नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये ते स्पष्ट लिहिलेले आहे, आणि राज्यातल्या अकृषी विद्यापीठांमधल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या रजा साधारण याच वळणाने चालतात. पण नियमाचा उरलेला भाग सहसा कोणी वाचून दाखवत नाही. लोकसेवेची निकड असेल तर कोणतीही रजा नाकारता किंवा रद्द करता येते, इथपर्यंत साहेबांचा अधिकार. मात्र देय असलेली आणि मागितलेली रजा एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात टाकायची असेल, तर कर्मचाऱ्याची लेखी विनंती लागते. तुम्ही अर्जित रजा मागितली, ती खात्यात शिल्लकही आहे, आणि आदेशात अर्धवेतनी उमटली, तर तिथे हरकत घ्यायला जागा आहे.

नकाराचे कारण काय असावे, हेही त्याच नियमात आले. परीक्षा विभागात निकालांच्या तोंडावर महिनाभराची रजा नाकारली तर ती निकड समजू शकते. चहाच्या वेळी विभागप्रमुखांशी खटका उडाला, ही निकड नव्हे. म्हणून नकार तोंडी घेऊ नये. अर्ज आवक नोंदवून द्यावा, पोच घ्यावी आणि उत्तर लेखी मागावे. यात उद्धटपणा काही नाही. उद्या प्रकरण वर गेले तर कागदच बोलतो.

"अर्ज दिला, साहेबांनी सही केली, म्हणजे रजा लागली."

सही कुणाची, ते आधी बघा. विभागप्रमुखाची सही बहुतेक वेळा शिफारस असते. मंजुरी सक्षम प्राधिकाऱ्याची, आणि तो कोण हे पदावर, रजेच्या प्रकारावर आणि दिवसांवर ठरते. मंजुरीआधी तिकीट काढून गाडीत बसणारे पुष्कळ. त्यांतले बहुतेक सुखरूप परततातही, कारण आदेश मागाहून निघतो. पण निघाला नाही, तर ते दिवस अनधिकृत गैरहजेरीत जातात, पगार कापला जातो, सेवेतल्या खंडाचा प्रश्न उभा राहतो आणि शिस्तभंगाची कारवाईही होऊ शकते.

याच भीतीचे दुसरे टोक म्हणजे "न सांगता राहिलो, आता नोकरी गेलीच" ही समजूत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गुप्तवार्ता विभागातल्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सांगितले, की गैरहजेरी हेतुपुरस्सर होती हे चौकशीत सिद्ध झाल्याशिवाय तिला गैरवर्तन म्हणता येत नाही. आजार, अपघात, रुग्णालय अशी आटोक्याबाहेरची कारणे असू शकतात. शिवाय विनापरवानगी गैरहजेरीचा काळ मागाहून असाधारण, म्हणजे बिनपगारी रजेत बदलण्याचा अधिकार रजा मंजूर करणाऱ्याला नियमांनीच दिला आहे. तो वापरायचा की नाही हे त्याच्या मर्जीवर. म्हणून कारण आणि पुरावे जितके लवकर पोहोचतील तितके बरे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो "मेडिकल"चा. "माझ्या मेडिकल शिल्लक आहेत, टाकून देतो", हे वाक्य ज्याने ऐकले नाही त्याने सरकारी कचेरी पाहिलीच नाही. प्रत्यक्षात रजा लेख्यात वैद्यकीय रजेचा वेगळा रकाना शोधूनही सापडत नाही. तिथे असते अर्धवेतनी रजा, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला २० दिवस. स्वतःच्या आजारपणात डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले की तीच रजा पूर्ण पगारी करून घेता येते. तिचे नाव परिवर्तित रजा. किंमत दुप्पट. २० दिवस परिवर्तित रजा घेतली की खात्यातून ४० अर्धवेतनी दिवस जातात. म्हणजे दहा वर्षांत जमलेल्या २०० दिवसांतून पूर्ण पगाराचे १०० दिवसच निघतात. सेवापुस्तक उघडून हा हिशेब एकदा स्वतः पाहावा. आस्थापनेतल्या लिपिकाला ते आवडत नाही, पण तुमचे सेवापुस्तक पाहणे हा काही गुन्हा नाही.

आता समजा गावी आई अंथरुणाला खिळली आहे. पुष्कळ जण अशा वेळी ओळखीच्या डॉक्टरांकडून स्वतःच्या नावाने "सायटिका" लिहून आणतात. खोटे प्रमाणपत्र हे प्रकरण अंगाशी येऊ शकते, आणि त्याची गरजही नसते. खाजगी कामासाठी अर्जित रजा आहे, अर्धवेतनी रजाही अर्ध्या पगारावर घेता येते. अर्जात खरे कारण लिहा, आजारी माणूस कोण ते लिहा.

अर्जित रजेची मोजणीही लोकांना नीट ठाऊक नसते. शिक्षकेतर कर्मचाऱ्याच्या खात्यात १ जानेवारी आणि १ जुलैला प्रत्येकी १५ दिवस आगाऊ जमा होतात. साठवण जास्तीत जास्त ३०० दिवसांची. एका सोमवारपासून पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत अर्जित रजा घेतली, तर मधले शनिवार-रविवार रजेत मोजले जातात. आधीच्या आणि नंतरच्या सुट्ट्या मात्र रजेत न धरता जोडून घेता येतात. अर्जाच्या नमुन्यात त्यासाठी एक ओळ असते. ती कोरी सोडण्याची सवय फार जणांना आहे. किरकोळ रजेचा मामला वेगळा: वर्षाला आठ दिवस, मधली सुट्टी मोजत नाहीत, आणि ती अर्जित रजेला जोडता येत नाही.

प्राध्यापकांच्या बाबतीत बाहेरच्यांचा गैरसमज असा, की उन्हाळी-दिवाळी सुट्ट्या मिळतातच, वर अर्जित रजाही भरपूर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार त्यांची अर्जित रजा सुट्टीच्या काळासह प्रत्यक्ष सेवेच्या तिसाव्या हिश्श्याने मोजतात. दीर्घ सुट्टीत ड्युटी लावली, तर त्या काळाच्या एक तृतीयांशाची भर पडते. म्हणून उत्तरपत्रिकांसाठी मे महिन्यात बोलावले, की आदेशाची प्रत जपून ठेवलेली बरी.

पीएचडीसाठीची अध्ययन रजा म्हणजे मोकळे रान, असेही काहींना वाटते. सहायक प्राध्यापकाला ती किमान तीन वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळू शकते. आधी दोन वर्षे, आणि मार्गदर्शकाने प्रगती समाधानकारक असल्याचे कळवले तर आणखी एक. परतल्यावर किमान तीन वर्षे सेवा करण्याचा बाँड लिहून द्यावा लागतो. परदेशी जायचे असेल तर रजेचा आदेश पुरत नाही. परदेशगमनाची परवानगी वेगळी मागावी लागते.

बालसंगोपन रजेबद्दल समाजमाध्यमांवर फिरणारा "दोन वर्षे पगारी" हा आकडा केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा: ७३० दिवस. महाराष्ट्राने २०१८ च्या शासन निर्णयाने दिली ती संपूर्ण सेवेत १८० दिवस, मूल १८ वर्षांचे होईपर्यंत. पत्नी हयात नसलेल्या किंवा पत्नी अंथरुणाला खिळलेली असलेल्या पुरुष कर्मचाऱ्यालाही ती आहे, हे पुरुषांनाच माहीत नसते. केंद्राचा नियम राज्यात आपोआप लागू होत नाही, याचा फटका हिमाचल प्रदेशातल्या सरकारी महाविद्यालयातील एका सहायक प्राध्यापिकेला बसला. दुर्धर जनुकीय आजार असलेल्या मुलासाठी तिच्या रजा संपल्या, आणि राज्याने केंद्राचा नियम स्वीकारलेलाच नव्हता. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्याला, विशेष गरजा असलेल्या मुलांच्या मातांसाठी रजेचा फेरविचार करायला समिती नेमण्यास सांगितले.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचा गैरसमज दूर करायला फार शब्द लागत नाहीत, कारण त्यांना गैरसमज करून घ्यायलाही रजा उरलेली नाही. तास घेतला तर मानधन, नाही तर नाही. प्रसूतीच्या बाबतीत मात्र गप्प बसू नये: सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या रोजंदारी महिलांना प्रसूतिलाभ नाकारता येत नाही असे ठरवले आहे, आणि अर्ज करताना त्या निकालाचा आधार घेता येतो.

शेवटी परतण्याचे. "बरे वाटले म्हणून चार दिवस आधीच हजर झालो", यावर शाबासकीची अपेक्षा असते, पण मंजूर रजा संपण्याआधी रुजू व्हायला मंजूर करणाऱ्याची परवानगी लागते. वैद्यकीय कारणाने घेतलेल्या रजेनंतर तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र दिल्याशिवाय तर रुजूच करून घेत नाहीत, आणि त्या दिवशी प्रमाणपत्र घरी विसरले की तो दिवसही तुमच्याच खात्यातून जातो.