झिको : रिओ ते फातोर्डा

जन्म : ३ मार्च १९५३, रिओ दि जानेरो.

ब्राझीलच्या फ्लामेंगो फुटबॉल क्लबचा लाडका दहा नंबर. १९८१ मध्ये टोकियोत लिव्हरपूलला ३-० हरवलं, तेव्हा तिन्ही गोलांचं मूळ त्याच्याच पायात होतं. तीन विश्वचषक खेळला, जिंकला एकही नाही. तरी १९८२चा तो ब्राझील संघ डोळ्यांचं पारणं फेडणारा. १९८६ला फ्रान्सविरुद्ध बदली म्हणून उतरताच त्याची पेनल्टी जोएल बात्सने अडवली. शूटआउटमध्ये मात्र त्याने गोल केला, पण ब्राझील हरलंच.

प्रशिक्षक म्हणून जपानला २००४चा आशियाई चषक, फेनरबाचेला तुर्की लीग. मग २०१४ ते २०१६ एफसी गोवा. २०१५च्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात ९० मिनिटं होत आली तोवर गोवा २-१ पुढे होता. चेन्नईयन संघाने एका स्वयंगोलासह दोन गोल मिळवून करंडक गोव्याच्या घरच्या फातोर्डा मैदानातूनच नेला.