१०० अंशांना न उकळणारं पाणी

एप्रिल-मेमध्ये अकलूजचा पारा चाळिशी ओलांडतो. अशा दुपारी रस्त्यावरून जाणाऱ्या साध्या चारचाकीच्या बॉनेटखाली काय चाललेलं असतं हे कळलं, की थक्क व्हायला होतं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर आत दर सेकंदाला १०० वेळा इंधन पेटतं. त्या ज्वाळेचं तापमान क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. आणि जिथे ही आग लागते ते अ‍ॅल्युमिनिअमचं हेड? अ‍ॅल्युमिनिअम तर ६६० अंशांनाच वितळतं! तरी हेड शाबूत राहतं, कारण त्याच्या पोटातल्या वाटांमधून काही लिटर पाणी अखंड फिरत असतं. इंधनातल्या ऊर्जेचा जवळजवळ तिसरा हिस्सा ते उष्णतेच्या रूपात उचलतं आणि रेडिएटरमध्ये नेऊन वाऱ्यावर सोडतं.

पाणी उकळलं मात्र घात होतो. वाफेला धातूची उष्णता पाण्याइतकी उचलता येत नाही. १८८८ साली बर्था बेंझ मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटार घेऊन निघाली, तेव्हा इंजिनातलं पाणी वाफ होऊन उडत होतं आणि वाटेत पुन्हा पुन्हा भरावं लागत होतं. आज हा प्रश्न रेडिएटरचं झाकण सोडवतं. त्यातली स्प्रिंग आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एका वातावरणाइतका जास्त ठेवते. तेवढ्यानं पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. कूलंट मिसळलं की आणखी वर.

याच नियमाची दुसरी बाजू शंकरनगरच्या साखर कारखान्यात वापरली जाते. तिथे पॅनमध्ये निर्वात करून दाब उतरवतात, म्हणून पाक साठ-सत्तर अंशांनाच उकळतो आणि साखर करपत नाही. दाब उतरवला की साखर वाचते, चढवला की इंजिन वाचतं.

गरम गाडीचं झाकण उघडू नका असं फिटर बजावतात, त्याचं कारणही हेच. झाकण फिरवताच दाब जातो, ११० अंशांचं पाणी त्याच क्षणी उकळतं आणि अंगावर उसळतं.

आता थर्मोस्टॅट तळहातावर घेऊन पाहा. पितळेची इवलीशी डबी, तिच्यात मेण, मेणात एक दांडी. पाणी साधारण ८२ ते ९० अंशांवर गेलं की मेण वितळून फुगतं, दांडीला रेटतं आणि रेडिएटरची वाट उघडते. ना वायर, ना सेन्सर! ‘आपल्याकडं ऊन फार, काढूनच टाका’ असा सल्ला सर्रास मिळतो, पण तो ऐकू नये. इंजिन गार राहिलं तर डिझेल-पेट्रोल जास्त जातं आणि आतले भाग लवकर झिजतात.

सगळ्यात नवल चुन्याचं. मीठ-साखर गरम पाण्यात जास्त विरघळतात. बोअरच्या जड पाण्यातल्या चुन्याचं उलट आहे: पाणी तापलं की तो बाहेर पडतो. म्हणून त्याचा थर नेमका इंजिनच्या सर्वांत तापलेल्या जागी धरतो, आणि त्या थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही. कारखान्यातही रस आटवणाऱ्या नळ्यांना असा थर धरतो, तो वेळोवेळी साफ करावा लागतो. गाडीत तशी सोय नाही. तिथे बोअरचं पाणी न घालणं हाच उपाय. तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळलेलं कूलंटच घालावं. अकलूजला पाणी गोठत नसलं तरी ते हवंच, कारण त्यातली रसायनं धातूला गंजू देत नाहीत.

उरतो वारा. विल्हेल्म मायबाखनं १९००-०१ च्या मर्सिडीजच्या रेडिएटरमध्ये ८,०७० बारीक नळ्या बसवल्या होत्या, वाऱ्याला जास्तीत जास्त पृष्ठभाग मिळावा म्हणून. आजच्या रेडिएटरच्या पात्यांचं कामही तेच. त्यांत धूळ नि उसाचं पाचट अडकलं की वारा अडतो. आषाढात तुकोबांची पालखी अकलूजला येते, तेव्हा गाड्या गोगलगाईच्या गतीनं सरकतात. समोरून वारा नसतो, सगळी भिस्त फॅनवर.

म्हणून आठवड्यातून एकदा, गाडी पूर्ण गार असताना, बॉनेट उघडा. कूलंटच्या बाटलीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. होज पाईप दाबून बघा. भेगा पडलेला किंवा मऊ पडलेला पाईप बदला. पात्यांवर पाण्याची हलकी धार मारा. कूलंट पुस्तिकेत दिलेल्या मुदतीला बदला. जुनं मात्र गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका. ते विषारी असतं आणि चवीला गोड लागतं, त्यामुळे कुत्री-जनावरं ते पितात.

वाटेत तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकला तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडा. तोही इंजिनची थोडी उष्णता ओढून घेतो. काटा तरी उतरेना, तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाईल. तासभर थांबल्यानं उशीर होईल एवढंच; तसंच दामटलं तर हेड वाकतं आणि इंजिन उघडावं लागतं.