मोटारसायकलचे अग्निमांद्य

जठराग्नीला पेलवेल त्याहून अधिक अन्न पोटात गेले, तर तो प्रखर न होता उलट मंद होतो, ही गोष्ट वडीलधाऱ्या माणसांनी घराघरांतून मुलांस सांगितलेली असते. हाच न्याय मोटारसायकलच्या इंजिनासही लागू पडतो, याची जाणीव मात्र थोड्यांसच असते. इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल अधिक गेले, म्हणजे शक्ती वाढत नाही. गाडी गुदमरते, काळा धूर सोडते आणि धन्याचा खिसा रिकामा करते. मिस्तरी लोक या विकारास ‘मिक्श्चर रिच झाले’ असे म्हणतात. त्याचे निदान कसे करावे व उपचार कोणत्या क्रमाने करावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’ हे नियम अमलात आले, आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ नाहीसा होऊन त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. परंतु आपल्या धाराशिव जिल्ह्यात भूम-परंड्यापासून लोहारा-उमरग्यापर्यंत कोठेही जा. शाळेवर जाणारे गुरुजी, दुधाच्या किटल्या नेणारा शेतकरी, बाजाराला निघालेले कुटुंब, यांपैकी कित्येकांच्या बुडाखाली अद्याप जुनी कार्बोरेटरचीच गाडी असते. या गाड्या चांगल्या आहेत व नीट राखल्यास पुष्कळ वर्षे चालतील. म्हणूनच हे ज्ञान अजून कालबाह्य झालेले नाही.

यंत्राचे तत्त्व

नळी मध्येच अरुंद केली, तर त्या ठिकाणी प्रवाहाचा वेग वाढतो व दाब घटतो. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंच्युरी याने १७९७ साली या प्रकारच्या प्रवाहासंबंधीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. कार्बोरेटरचा गळा असाच अरुंद असतो. इंजिन हवा ओढते, गळ्यात दाब कमी होतो, आणि खालच्या वाटीतील पेट्रोल बारीक छिद्रांच्या पितळी जेटांतून वर येऊन हवेत मिसळते. वाटीतील पातळी राखण्याचे काम तरंगणारा फ्लोट व त्याची सुई ही जोडी करते.

आता प्रमाण पाहा. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळावयास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलला जवळजवळ अकरा किलो हवा हवी. आकारमानाने ती सुमारे दहा घनमीटर भरेल. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशी खोली साडेतीन फूट उंचीपर्यंत भरून टाकील, एवढी! आणि ही सगळी हवा तळहाताएवढ्या एअर फिल्टरमधून गाळून जावयाची असते. येथेच आपल्या जिल्ह्यातील बहुतेक दुखण्यांचे मूळ आहे. चैत्र-वैशाखात बैलगाडीच्या वाटेवर जी धूळ उडते, ती त्या फिल्टरवर थरावर थर बसते. हवा अडते, पेट्रोल मात्र येतच राहते. दोष पेट्रोलच्या आधिक्याचा दिसतो, पण असतो हवेच्या दुष्काळाचा.

लक्षणे

गाडी गरम झाल्यावर या विकाराची परीक्षा करावी. थंड असताना ठीक चालणारी गाडी तापल्यावर अडखळू लागली, तर मिश्रण रिच असण्याचा संभव फार. सायलेन्सरचा धूर काळा असतो व त्यास पेट्रोलचा वास येतो. निळसर धूर असेल तर ऑइल जळत आहे असे समजावे. तो विकार निराळा. प्लग काढून पाहिला असता त्याचे टोक दुधाच्या चहासारखे तांबूस दिसावे. त्यावर कोरडी काळी काजळी जमली असेल, तर शंका उरत नाही. इंजिनातील ऑइलला पेट्रोलचा वास येणे हे सर्वांत वाईट लक्षण होय. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइल धुऊन खाली उतरते आणि पिस्टन कोरडा घासू लागतो. मग केवळ पेट्रोलचा अपव्यय होत नाही, इंजिनाचे आयुष्यच झिजते.

आधी निदान, मग औषध

पुष्कळ तरुण प्रथमच स्क्रूड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरचा स्क्रू फिरवू लागतात. वैद्याने नाडी न पाहता मात्रा द्यावी, तसाच हा प्रकार. योग्य क्रम पुढीलप्रमाणे आहे.

पहिल्याने एअर फिल्टर पाहावा. कागदी असल्यास हलकेच झटकावा, फार मळला असल्यास बदलावा. स्पंजाचा असल्यास कंपनीच्या सूचनेप्रमाणे धुऊन, वाळवून, ऑइलचे बोट लावून बसवावा. दुसरे, चोक पूर्ण मागे जातो की नाही, हे पाहावे. तिसरे, वाटीतून पेट्रोल वाहते काय? फ्लोटची सुई झिजली अथवा तिच्यात कचरा अडकला, तर पातळी वर चढते व मिश्रण आपोआप रिच होते. चौथे, जेट कोणी तार घालून साफ केले आहेत काय, याची विचारपूस करावी. पितळ मऊ असते. तारेने छिद्र मोठे होते व तो जेट बदलण्यावाचून गत्यंतर नसते. जेट फुंकून अथवा हवेच्या दाबानेच साफ करावा.

एवढे झाल्यावरच स्क्रूस हात लावावा. इंजिन चांगले गरम करून बंद करावे. स्क्रू हलक्या हाताने शेवटपर्यंत आत नेऊन, पुस्तिकेत सांगितले असतील तितके फेरे बाहेर काढावा. मग इंजिन सुरू करून, रेस न देता, थोडा थोडा फिरवून इंजिनाचा वेग जेथे सर्वांत अधिक व एकसारखा लागेल तेथे तो ठेवावा. वाढलेला वेग दुसऱ्या, आयडलच्या स्क्रूने खाली आणावा. एक सावधगिरी मात्र अवश्य आहे. स्क्रू फिल्टरच्या बाजूस असेल तर तो हवेचा असतो, आणि बाहेर काढल्याने पेट्रोलचे प्रमाण घटते. इंजिनाच्या बाजूस असेल तर आत घेतल्याने घटते.

हा स्क्रू केवळ मंद चालीचा राजा आहे. पाव ते पाऊण रेसवर सुईचा अंमल असतो. तिची क्लिप एक खाच वर चढविली की सुई खाली उतरते व पेट्रोल कमी होते. सोलापूरहून तुळजापूरचा घाट चढताना रेस पाऊणाच्या वर जाते, तेव्हा मेन जेटचे राज्य. तेथे काळा धूर निघत असेल, तर एक नंबर लहान जेट घालावा. एका वेळी एकच बदल करावा आणि गाडी चालवून प्लग पाहावा.

उंची, ऊन आणि ऊस

धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच आहे. त्यामुळे येथील हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ असते, आणि वैशाखातील दुपारी ती आणखी विरळ होते. विरळ हवेत मिश्रण थोडे रिच होतेच; पण एवढ्याने काजळी धरत नाही. उलट, २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. आपल्या जिल्ह्यातील उसापासूनही ते निघते. इथेनॉलमध्ये प्राणवायू मुळातच असल्याने त्यास हवा कमी लागते. म्हणजे त्याच जेटातून मिश्रण पूर्वीपेक्षा किंचित अशक्त होते. तरीही गाडी काळा धूर सोडीत असेल, तर पेट्रोलला बोल न लावता फिल्टर, चोक व फ्लोट यांकडे वळावे. जुन्या गाडीतील रबरास इथेनॉल मानवेलच असे नाही. म्हणून सुईचे रबरी टोक अवश्य तपासावे.

काटकसरीच्या नादात मिश्रण अति अशक्त करणेही घातकच. इंजिन तापते आणि पिस्टनला इजा पोहोचते. उपाशी ठेवणे हा अग्निमांद्यावरचा उपाय नव्हे.

शेवटी गृहिणींस एक विनंती. वाड्याच्या ढाळजेत अथवा बंद खोलीत गाडी सुरू ठेवू देऊ नये. रिच मिश्रणाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू अधिक असतो. त्यास रंग नाही, वास नाही, आणि तो निजलेल्या माणसास जागे होऊ देत नाही. कार्बोरेटर उघडला असता जवळ दिवा, उदबत्ती वा विडी नसावी. ही पथ्ये पाळून, महिन्यातून एकदा फिल्टर झटकला आणि वरचेवर प्लग पाहिला, तर गाडी वैद्याकडे न्यावयाचे प्रसंग फार थोडे येतील.