पहिल्या मुद्रिकांचा वाद

एखाद्या कलावंताचें नांव सर्वतोमुखी झालें म्हणजे रसिकांची दृष्टि त्याच्या आरंभीच्या कृतींकडे वळते आणि मग एक ठराविक वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, खरा कलावंत त्या पहिल्या कृतींतच आहे, पुढें आली ती केवळ सफाई. दुसरा पक्ष म्हणतो, ती तर उमेदवारी. कला पुढेंच अवतरली. जुन्या तबकड्या जपून ठेवणाऱ्या मराठी घरांना हा वाद मुळींच अपरिचित नाहीं. गवयाचा कोवळा आवाज गोड कीं पिकलेला, या प्रश्नावर अशा घरांतून किती संध्याकाळी खर्ची पडल्या असतील, याची गणती नाहीं. इंग्लंडमधील ‘आयर्न मेडन’ या हेवी मेटल बँडच्या बाबतींत हाच वाद चाळीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. रसिकांचें मत कसें बनतें, तें कशावर टिकतें आणि त्याला किती मान द्यावा, हें समजून घेण्यास या वादाइतकें बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

हेवी मेटल म्हणजे केवळ गोंगाट, असा पुष्कळांचा समज असतो. विजेवर चालणारी गिटार, तिचा मुद्दाम खरखरीत व भारदस्त केलेला नाद, ड्रमचा अविरत आघात आणि या सर्वांवर मात करणारा गायकाचा आवाज, हीं या संगीताचीं बाह्य लक्षणें होत. परंतु त्यांतही रचना असते, लयीचे पालट असतात, दोन गिटारींचा सुरेल संवाद असतो. ‘आयर्न मेडन’ची तर यासाठींच ख्याति आहे. पूर्व लंडनमधील लेटन या भागांत १९७५ सालच्या नाताळांत स्टीव्ह हॅरिस यांनीं हा बँड उभा केला. हॅरिस बेस गिटार वाजवीत आणि बहुतेक गाणींही तेच रचीत. पहिलीं तीनचार वर्षें लहानसहान पानगृहांतून वादन करण्यांत गेलीं. वादक येत आणि जात. पैसा तर नव्हताच.

१९७८ सालच्या डिसेंबर महिन्याच्या ३० व ३१ तारखांना या मंडळींनीं केंब्रिज येथील स्पेसवर्ड स्टुडिओंत चार गाणीं मुद्रित केलीं. वर्षाची अखेर, स्टुडिओ रिकामा, म्हणून स्वस्तांत मिळाला. पॉल डी’आनो हे गायक, डेव्ह मरे गिटारवर, डग सॅम्पसन ड्रमवर आणि हॅरिस स्वतः. मूळ फीत विकत घेण्याइतके पैसे त्यांच्यापाशीं नव्हते. कांहीं आठवड्यांनीं पैसे जमवून मंडळी परत गेलीं, तेव्हां ती फीत पुसली गेलेली होती! हातीं राहिली ती केवळ तिची प्रत. त्या मुद्रणांतील उणीवा पुढें सुधारण्याची वाट अशा रीतीनें कायमची बंद झाली.

येथून रसिकांच्या मताचा या कथेंत प्रवेश होतो. वायव्य लंडनमधील किंग्जबरी येथें नील के नांवाचे गृहस्थ ‘साउंडहाउस’ या नांवानें ओळखली जाणारी हेवी मेटलची मैफल चालवीत. तेथें ध्वनिमुद्रिका वाजविल्या जात. जमलेले श्रोते ज्या गाण्यांची मागणी करीत, त्यांवरून लोकप्रियतेची यादी तयार होई आणि ती ‘साउंड्स’ या संगीतविषयक साप्ताहिकांत छापली जाई. या यादींत ‘प्राउलर’ हें ‘आयर्न मेडन’चें गाणें पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलें. ज्या बँडची एकही मुद्रिका बाजारांत नाहीं, त्याचें गाणें केवळ फितीवर ऐकून श्रोत्यांनीं अग्रस्थानीं नेलें, ही गोष्ट लहान नव्हे. पुढें १९७९ च्या नोव्हेंबरमध्यें त्या चारांपैकीं तीन गाणीं ‘द साउंडहाउस टेप्स’ या नांवानें, बँडनेंच स्वतः, ५००० प्रतींच्या मुद्रिकेंत प्रसिद्ध केलीं. ‘स्ट्रेंज वर्ल्ड’ हें चौथें गाणें मनासारखें उतरलें नाहीं म्हणून वगळलें. प्रती टपालानें विकल्या आणि पहिल्याच आठवड्यांत सुमारें ३००० खपल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस इ.एम.आय. या बड्या कंपनीनें बँडशीं करार केला.

आतां या तीन गाण्यांविषयीं चाहते काय म्हणतात? त्यांचे स्थूलमानानें तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग संग्राहकांचा. त्यांच्या लेखीं ती मुद्रिका म्हणजे जणूं एखादें जुनें नाणें. तिच्या नकली प्रतीही पुष्कळ निघाल्या, यावरूनच तिची मागणी कळून येते. दुसरा वर्ग तिला ऐतिहासिक कागदपत्राचा मान देतो. तो म्हणतो कीं नाद पातळ आहे, वादनांत बिचकलेपणा आहे, पण पुढच्या सर्व वैभवाचें बीज येथें दिसतें. तिसरा वर्ग स्पष्टवक्त्यांचा. त्यांचें म्हणणें असें कीं, याच गाण्यांचीं पुढचीं मुद्रणें उपलब्ध असतां ही कच्ची प्रत पुनःपुन्हां ऐकण्यांत अर्थ नाहीं. तिन्ही मतांत तथ्य आहे, कारण तिन्ही वर्ग एकाच मुद्रिकेकडून तीन निरनिराळ्या गोष्टींची अपेक्षा करीत आहेत.

याहून मोठा वाद आहे तो १९८० च्या एप्रिल महिन्यांत निघालेल्या पहिल्या आल्बमविषयीं. त्याचें नांवही ‘आयर्न मेडन’च. तो इंग्लंडच्या विक्रीच्या यादींत चौथ्या क्रमांकापर्यंत चढला. विल मलोन हे त्याचे निर्माते. परंतु निर्मात्यांनीं कामांत पुरेसें लक्ष घातलें नाहीं, बँडला आपलें आपणच पाहावें लागलें, अशी हॅरिस यांची तक्रार पुढें अनेक वर्षें कायम राहिली. मुद्रणाच्या दर्जाबद्दल त्यांचें समाधान कधींच झालें नाहीं. आणि येथेंच गंमत आहे. रचनाकार ज्या नादाला दोष देतो, त्याच नादावर असंख्य चाहते जीव टाकतात! त्यांच्या मतें गिटारचा तो किंचित् कोरडा, धारदार स्वर आणि पानगृहांतील धुराचा वास अजून न गेलेलें तें वादन, हेंच त्या आल्बमचें सौंदर्य होय. सफाई केली असती तर हें सौंदर्य पुसून गेलें असतें. उलट पक्षाचे लोक ‘फँटम ऑफ दि ऑपेरा’ या सुमारें सात मिनिटांच्या रचनेकडे बोट दाखवितात. इतके लयपालट, इतकीं वळणें असलेली रचना अधिक सुस्पष्ट मुद्रणास पात्र होती, असें त्यांना वाटतें. मात्र ती रचना उत्तम आहे याविषयीं दोन्ही पक्षांचें एकमत आहे.

१९८१ च्या फेब्रुवारींत ‘किलर्स’ हा दुसरा आल्बम आला. त्याच्या मुद्रणाची सूत्रें मार्टिन बर्च यांच्याकडे होतीं. ‘डीप पर्पल’ व ‘ब्लॅक सॅबथ’ यांसारख्या बँडांबरोबर काम केलेला हा जाणता मनुष्य. आवाज एकदम भरीव झाला, प्रत्येक वाद्य आपापल्या जागीं स्वच्छ ऐकूं येऊं लागलें. एड्रियन स्मिथ हे नवे गिटारवादक आले आणि मरे यांच्याशीं त्यांची जोडी जमली. तथापि, यांतील बहुतेक गाणीं आधीपासूनच रंगमंचावर वाजत असलेलीं, म्हणजे पहिल्या आल्बमांतून उरलेलीं होतीं. म्हणून कांहीं चाहते म्हणतात, नाद दुसऱ्याचा चांगला, गाणीं पहिल्याचीं चांगलीं. ‘राथचाइल्ड’ हें गाणें या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे. १९८० च्या आरंभीं इ.एम.आय.नें काढलेल्या ‘मेटल फॉर मदाज’ या संग्रहांत त्याचें जुनें मुद्रण आहे आणि ‘किलर्स’मध्यें नवें. दोन्ही लागोपाठ ऐकलीं म्हणजे निर्मात्याचें काम म्हणजे नेमकें काय, हें व्याख्यानाविनाच समजतें.

परंतु वादाचें खरें मर्म आवाजांत आहे. आरंभीच्या या सर्व मुद्रिकांवरील गायक पॉल डी’आनो. पहिला आल्बम निघाला तेव्हां त्यांचें वय २१ वर्षांचें होतें. त्यांचा आवाज खरबरीत, रस्त्यावरच्या पोरासारखा बेफिकीर, थोडा रागीट. त्या काळीं लंडनमध्यें पंक नांवाच्या दांडग्या संगीताची चलती होती आणि पुष्कळांना या आवाजांत पंकची छटा दिसली. हॅरिस यांना मात्र पंकचा तिटकारा होता. १९८१ सालीं डी’आनो बँडमधून बाहेर पडले. अनियमित राहणीमुळें एकामागून एक दौरे निभावणें त्यांना झेपेनासें झालें होतें. त्यांच्या जागीं ‘सॅमसन’ या बँडमधून ब्रूस डिकिन्सन आले. त्यांचा आवाज उंच पट्टीचा, भरदार आणि नाट्यमय. १९८२ च्या मार्चमध्यें त्यांच्या आवाजांतील पहिला आल्बम ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ प्रसिद्ध झाला आणि इंग्लंडमध्यें पहिल्या क्रमांकावर गेला. जगभरची कीर्ति त्यानंतरची.

तेव्हांपासून चाहत्यांचे दोन तट पडले आहेत. डिकिन्सनवादी म्हणतात, ज्या दीर्घ व वीररसपूर्ण रचना पुढें निर्माण झाल्या, त्या डी’आनो यांच्या गळ्याला पेलल्याच नसत्या. डी’आनोवादी उत्तर देतात, कीं त्या खरबरीत आवाजांत जो खरेपणा होता, तो पुढें कोठें आहे? आणि तो आवाज केवळ आरडाओरड करणारा नव्हता, हें सिद्ध करण्यासाठीं ते ‘रिमेंबर टुमॉरो’ हें गाणें पुढें करतात. त्याची सुरुवात हळुवार, जवळजवळ कुजबुजल्यासारखी आहे आणि मग ती एकदम उसळते. या गाण्याचा मोह ‘मेटालिका’सारख्या अमेरिकेंतील अग्रगण्य बँडलाही पडला, २००८ सालीं त्यांनीं तें स्वतः मुद्रित केलें. ड्रमवादक क्लाइव्ह बर यांच्या बाबतींतही अशीच पक्षनिष्ठा आढळते. पहिल्या तिन्ही आल्बमांवर त्यांचेंच वादन आहे आणि तसा हलका, उसळता ठेका पुढें पुन्हां ऐकूं आला नाहीं, असें मानणारे रसिक थोडे नाहींत.

सुदैवानें हा वाद तोंडी दाव्यांवरच सोडण्याची गरज नाहीं. एक गाणें असें आहे, कीं त्याचीं तीन अधिकृत मुद्रणें उपलब्ध आहेत. तें म्हणजे ‘प्राउलर’. १९७८ च्या फितीवर तें आहे, १९८० च्या आल्बमच्या आरंभींच आहे, आणि १९८८ सालीं डिकिन्सन यांच्या आवाजांत तें पुन्हां मुद्रित होऊन एका छोट्या मुद्रिकेच्या दुसऱ्या बाजूस प्रसिद्ध झालें. तिसऱ्या मुद्रणांत वादन पक्कें आहे, नाद श्रीमंत आहे, गायन निर्दोष आहे. असें असूनही चाहत्यांपैकीं फार मोठा भाग दुसऱ्याच मुद्रणास पसंती देतो. याचें कारण गाण्याच्या आशयांत आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या, मनानें बिघडलेल्या एका माणसाचें तें स्वगत आहे. त्याला सुरेल, सुसंस्कृत आवाज शोभत नाहीं. तेथें खरबरीतपणा हा दोष न राहतां अर्थाचाच भाग बनतो. मात्र हेंच माप लावून पुढच्या भव्य रचना डी’आनो यांच्या आवाजांत कल्पून पाहिल्या, तर डिकिन्सनवाद्यांचें म्हणणेंही खरें ठरतें. म्हणजे प्रश्न कोणता आवाज श्रेष्ठ हा नसून कोणत्या गाण्याला कोणता आवाज, हा आहे.

याखेरीज मताला घडविणारें आणखी एक कारण आहे, आणि तें संगीताच्या बाहेरचें आहे. ज्यानें १९८० सालीं पंधराव्या वर्षीं तो पहिला आल्बम ऐकला, त्याच्या मनांत त्या सुरांशीं स्वतःचें तारुण्य गुंतलेलें असतें. ज्याची ओळख पुढच्या आल्बमांपासून झाली, तो मागें जाऊन पहिला ऐकतो, तेव्हां त्याला तेथें उणीवच आधीं दिसते. रसिकाचें पहिलें ऐकणें हेंच बहुधा त्याचें माप होऊन बसतें. हें ओळखलें म्हणजे दुसऱ्याच्या मताचा राग येत नाहीं. आणि स्वतःच्या मतांत प्रेम किती व पारख किती, हेंही तपासतां येतें.

बँडनें आपल्या बाजूनें या जुन्या गाण्यांशीं नातें तोडलेलें नाहीं. २००५ सालच्या दौऱ्यांत त्यांनीं केवळ पहिल्या चार आल्बमांतील गाणीं वाजविलीं. २०२५ च्या दौऱ्याचा आरंभही ‘किलर्स’मधील गाण्यांनींच केला. २००८ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेस मुंबईंत वांद्रे-कुर्ला संकुलांत त्यांचा कार्यक्रम झाला; त्या जगभरच्या दौऱ्याची सुरुवातच मुंबईहून झाली होती. तेथेंही १९७८ च्या त्या फितीवरचें ‘आयर्न मेडन’ हें गाणें गाइलें गेलें, आणि तें मुद्रित झालें तेव्हां जन्मही न झालेलीं मुलें त्याच्या तालावर डोलत होतीं. क्लाइव्ह बर २०१३ सालीं निवर्तले, मार्टिन बर्च २०२० सालीं आणि पॉल डी’आनो २०२४ च्या ऑक्टोबरमध्यें. डी’आनो यांच्या मृत्यूनंतर जगभरांतून जे शोकोद्गार निघाले, त्यांत आयुष्यभर डिकिन्सनवादी राहिलेल्यांचाही आवाज मिसळलेला होता.

कच्च्या मुद्रिकेची किंमत शेवटीं कशांत असते? परिपूर्ण कृति आपल्याला कलावंत कोठें पोहोंचला तें सांगते. पहिली कृति तो कोठून निघाला तें सांगते. केंब्रिजच्या त्या स्टुडिओंतील मूळ फीत पैशांअभावीं पुसली गेली, म्हणून ती सुधारतां आली नाहीं, आणि सुधारतां आली नाहीं म्हणूनच ती जशीच्या तशी राहिली. त्या चार तरुणांपाशीं त्या वेळीं काय होतें आणि काय नव्हतें, याचा इतका प्रामाणिक जबाब दुसरा कोणताही मिळाला नसता. ज्यांना या वादांत आपलें मत बनवावयाचें असेल, त्यांनीं ‘प्राउलर’चीं तिन्ही मुद्रणें कालक्रमानें, एका बैठकींत, मन मोकळें ठेवून ऐकावीं. कौल कोणत्याही बाजूस पडो. निदान तो ऐकून दिलेला असेल, ऐकीव नसेल.