हिशेबात न मांडलेले दान : फ्लोरेन्स ते असिसी, सायकलच्या वाटेने

इटलीतील फ्लोरेन्स शहराच्या दक्षिणेस, शहराला जवळजवळ लागूनच, पोंते आ एमा नावाचे एक छोटे गाव आहे. १८ जुलै १९१४ रोजी या गावी एका गरीब कष्टकरी कुटुंबात जीनो बार्ताली यांचा जन्म झाला. लहानपणी सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा हा मुलगा पुढे देशाचा लाडका सायकलपटू झाला. ‘जिरो दीतालिया’ ही इटलीची मोठी शर्यत त्यांनी १९३६, १९३७ आणि १९४६ मध्ये जिंकली, तर ‘तूर द फ्रान्स’ ही जगातील सर्वांत मानाची शर्यत १९३८ आणि १९४८ मध्ये. दोन विजयांमधील दहा वर्षांत महायुद्ध येऊन गेले होते. त्यांच्या आयुष्यातील ज्या प्रवासाची आज सर्वाधिक चर्चा होते, तो मात्र कोणत्याही शर्यतीचा भाग नव्हता.

सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन फौजांनी इटलीचा ताबा घेतला आणि ज्यू कुटुंबांची धरपकड सुरू झाली. फ्लोरेन्सचे आर्चबिशप एलिया दाल्ला कोस्ता यांनी अशा कुटुंबांना मठांत आणि घरांत आसरा देण्याचे काम गुप्तपणे हाती घेतले. लपलेल्या माणसांना खोट्या नावाची ओळखपत्रे हवी होती. ती छापली जात असिसीमध्ये आणि फ्लोरेन्स ते असिसी हे अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. छायाचित्रे नेणार कोण आणि तयार कागद आणणार कोण? सरावाच्या निमित्ताने रोज शंभर-दीडशे किलोमीटर सायकल चालवणाऱ्या बार्ताली यांच्याकडे कोण संशयाने पाहणार होते! सायकलच्या पोकळ नळ्यांत कागदांची गुंडाळी सरकवून ते निघत. वाटेत पहारेकऱ्यांनी अडवले, तर ‘सायकलची प्रत्येक जोडणी मोजूनमापून केलेली आहे, तिला हात लावू नका,’ अशी विनंती ते करीत, असे सांगतात.

ही वाट आजही सायकलने पार करता येते. थेट रस्ता न धरता जुनी गावे पाहत गेल्यास अंतर सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर भरते आणि बेताच्या सवयीच्या सायकलस्वाराला पाच-सहा दिवस पुरतात. व्यापारी घराण्यातील प्रवाशाला ही वाट विशेष जवळची वाटेल, कारण वाटेवरील बहुतेक गावांची भरभराट व्यापारातून झालेली आहे.

फ्लोरेन्सने १२५२ मध्ये ‘फ्लोरिन’ हे सोन्याचे नाणे पाडले. साडेतीन ग्रॅमच्या या नाण्याचा कस इतका भरवशाचा होता, की युरोपभर ते निःशंकपणे स्वीकारले जाई. आर्नो नदीवरील ‘पोंते वेक्यो’ या जुन्या पुलावर पूर्वी खाटकांची दुकाने होती. १५९३ मध्ये राज्यकर्त्यांनी ती हटवून तेथे सोनारांना जागा दिली. पुलावर आजही सराफांचीच दुकाने आहेत.

शहर मागे टाकताच कियांतीचे डोंगर सुरू होतात. द्राक्षमळे, ऑलिव्हच्या बागा आणि सुरूच्या रांगांमधून रस्ता सतत वर-खाली होतो. सपाट रस्ता क्वचितच सापडतो. मधूनच पांढऱ्या खडीचे कच्चे रस्ते लागतात. त्यांवर डांबर पडून ते नामशेष होऊ नयेत, म्हणून गायोले या गावी १९९७ पासून ‘लेरोइका’ नावाची सायकलफेरी भरते. तिच्यात १९८७ पूर्वीच्या बनावटीच्या सायकलीच चालतात. बार्ताली यांच्या काळचे रस्ते कसे होते, याची कल्पना या पांढऱ्या धुळीतून जाताना येते.

पुढचे मोठे शहर म्हणजे अरेत्झो. सोन्याच्या दागिन्यांच्या कारखानदारीसाठी ते जगभर ओळखले जाते. येथून ईशान्येस, डोंगरापलीकडे, सानसेपोल्क्रो हे गाव आहे. लुका पाचोली या गणितज्ञ संन्याशाचे हे जन्मगाव. १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या आपल्या ग्रंथात पाचोली यांनी व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची हिशेबाची रीत समजावून सांगितली. आधी कच्ची टिपणवही, मग रोजकीर्द आणि शेवटी खतावणी; प्रत्येक व्यवहार एकदा जमेला आणि एकदा नावे. ही रीत त्यांनी शोधली नव्हती, व्यापारी ती आधीपासून वापरत होते. छापील ग्रंथामुळे मात्र ती सर्वदूर पोहोचली. आज कोणत्याही पेढीवर जी दुहेरी नोंद होते, तिचे हे जुने घराणे आहे.

अरेत्झोपासून क्याना खोऱ्यातील कालव्याच्या काठाने सायकलींसाठी बासष्ट किलोमीटरची जवळजवळ सपाट वाट कियूसीपर्यंत जाते. पाय दुखावलेल्या प्रवाशाला तिचा मोठा आधार वाटतो. एके काळी हे खोरे म्हणजे दलदल होती आणि हिवतापाचे घर होते. गावे टेकड्यांवर वसण्याचे ते एक कारण, दुसरे शत्रूपासून संरक्षण. म्हणूनच या भागात दिवसाच्या अखेरीस, मुक्काम दिसू लागल्यावरच, चढ सुरू होतो. सुमारे ५०० मीटर उंचीवरचे कोर्तोना गाव या नियमाला अपवाद नाही.

कोर्तोनाच्या पायथ्याशी तेरोंतोला हे रेल्वे स्थानक आहे. बार्ताली येथे पोहोचले की त्यांना पाहायला गर्दी उसळे. पहारेकऱ्यांचे लक्ष तिकडे वळले, की त्या गोंधळात लपलेली माणसे गाडी बदलून पुढे निघत, अशी आठवण या भागात जपली जाते. पुढे त्राझिमेनो सरोवराच्या काठाने पेरूजा गाठता येते. तेथे नाणी पारखणाऱ्या सराफांच्या संघाचे जुने सभागृह पाहण्यासारखे आहे. पेरूजिनो या चित्रकाराने १४९६ ते १५०० या काळात त्याच्या भिंती रंगवल्या. सराफांनी आपल्या बैठकीसमोर विवेक, न्याय, धैर्य आणि संयम या गुणांची चित्रे काढून घेतली. व्यवहार करताना नजर त्यांच्याकडे जावी, हाच त्यामागील हेतू असावा.

पेरूजाहून पंचवीसेक किलोमीटरवर, सुबाझियो पर्वताच्या उतारावर, फिकट गुलाबी दगडांचे असिसी दिसू लागते. संत फ्रान्सिस यांचे हे गाव. ते एका श्रीमंत कापड व्यापाऱ्याचे पुत्र होते आणि बिशपसमोर अंगावरची वस्त्रेही वडिलांना परत करून त्यांनी घर सोडले होते. याच गावात १९४३-४४ मध्ये मठांच्या आणि घरांच्या आडोशाने सुमारे ३०० ज्यू लपले होते. त्यांची ओळखपत्रे छापणारे लुइजी ब्रित्सी आणि त्यांचा मुलगा त्रेंतो हे यात्रेकरूंना स्मृतिवस्तू विकणारे दुकानदार होते. दुकानाला जोडून त्यांचा लहानसा छापखाना होता. पकडले गेले असते, तर दोघांचेही प्राण गेले असते. आज असिसीतील स्मृती संग्रहालयात हा इतिहास पाहता येतो.

युद्ध संपल्यावर बार्ताली पुन्हा शर्यतीत उतरले, जिंकले आणि या कामाविषयी जवळजवळ काहीच बोलले नाहीत. मुलाला थोडेफार सांगितले, तेही कोठे बोलू नये या अटीवर. २००० मध्ये त्यांचे निधन झाले. ‘याद वाशेम’ या जेरुसलेममधील स्मारक संस्थेने २०१३ मध्ये, ज्यूंचे प्राण वाचवणाऱ्या अन्य धर्मीयांना दिला जाणारा सन्मान त्यांना मरणोत्तर दिला. अलीकडे काही इतिहासकारांनी या कथेतील तपशिलांबद्दल शंका घेतल्या आहेत आणि त्याही ऐकून घ्याव्या लागतात. ज्या कामाचा एक कागद सापडला असता तरी माणसे मेली असती, त्या कामाची कागदपत्रे थोडीच असणार. बार्ताली यांनी आपल्याला फ्लोरेन्समधील तळघरात आसरा दिला, अशी साक्ष मात्र एका ज्यू कुटुंबातील व्यक्तीने उतारवयात दिली.

आता थोडे प्रवासाच्या सोयीविषयी. एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ योग्य. विजेवर चालणाऱ्या सायकली भाड्याने मिळतात, त्यामुळे चढणीचा धसका घेण्याचे कारण नाही. सायकलचे चिन्ह असलेल्या प्रादेशिक रेल्वेगाड्यांतून वेगळे तिकीट काढून सायकल नेता येते. जेवण मागवताना ‘सेन्झा आल्यो, सेन्झा चिपोल्ला’, म्हणजे लसूण-कांदा नको, एवढे शब्द उपयोगी पडतात. पार्मिजानोसारख्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट असते, हे लक्षात ठेवून ते आधीच नाकारावे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांना जून महिना सोयीचा, कारण तेव्हा दिवस पावणेनऊच्या सुमारास मावळतो आणि उपाहारगृहे साधारण साडेसातला उघडतात.

परतीच्या वाटेवर पोंते आ एमा येथील बार्ताली यांच्या नावाच्या सायकल संग्रहालयाला भेट द्यावी. एकाच परिसरातील ही दोन माणसे: पाचोली यांनी प्रत्येक पैची नोंद कशी ठेवावी हे व्यापाऱ्याला शिकवले, तर बार्ताली यांनी आपल्या सर्वांत मोठ्या देण्याची नोंद कोठेच ठेवली नाही. चोख वही आणि गुप्तदान या दोन्ही गोष्टी ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या जातात, त्या घरांतील प्रवाशाला फ्लोरेन्स ते असिसी ही वाट फारशी परकी वाटणार नाही.